लाईट कधी येणार?

आपल्या हॉस्टेलवर सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? "आज मेसमध्ये भाजी काय?" हा दुसरा नंबर. पहिला नंबर "लाईट कधी येणार?" या प्रश्नाचा!

गेल्या जुलैमध्ये वादळी पाऊस झाला, त्या रात्री हा प्रश्न मी निदान पन्नास वेळा ऐकला असेल. संध्याकाळी सातला लाईट गेली. दुसऱ्या दिवशी सबमिशन. लॅपटॉप एकेक करून मान टाकत होते. रात्री दहाला समोरच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये लाईट आली आणि आमच्या विंगमध्ये एकच ओरडा झाला. "बघा, सरांकडे आली! आपल्याला कोण विचारतंय?"

साडेदहाला एक मैत्रीण एक वायर घेऊन आली. वायरच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप! आमच्या कॉरिडॉरमधला एक सॉकेट जनरेटरवर चालतो. वायरचं एक टोक तिथे लावायचं आणि दुसरं आमच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये, की अख्ख्या खोलीत लाईट. मी "नको" म्हटलं. "का नको?" असं विचारल्यावर मला त्या अंधारात आणि त्या गोंधळात नीट सांगताच येईना. "इलेक्ट्रिकलची असून घाबरतेस?" हेही ऐकून घेतलं. शेवटी वायर माझ्या कपाटात कुलूपबंद केली आणि विंगमधला सगळा राग पदरात घेऊन झोपले.

हा लेख म्हणजे त्या रात्री द्यायचं राहून गेलेलं उत्तर. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा भाषेच्या चुका पोटात घाला.

३ जून २०२०

माझी दहावी २०२० ची. आमच्या बॅचचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला, ते वर्ष! लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात आम्ही श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावी आजीकडे गेलो आणि तिथेच अडकलो. ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे आपण फर्स्ट इयरला शिकतो. म्हणजे ताशी ४० च्या वाऱ्यापेक्षा १२० चा वारा तिप्पट नाही, नऊपट जोराने ढकलतो. त्या दिवशी मी ही नऊपट डोळ्यांनी बघितली. आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. नारळ, आंबे मुळासकट आडवे झाले, ते तारांवर पडले, आणि तारांनी खांब ओढले. एक खांब पडला की तो शेजारच्याला ओढतो. आमच्या वाडीच्या रस्त्याला सरळ उभा असा एकही खांब उरला नव्हता.

आमच्या घरी लाईट आली ती एकविसाव्या दिवशी. गावात बाजारपेठेत नवव्या दिवशी आली होती. मधले बारा दिवस आजोबा रोज ओट्यावर बसून म्हणायचे, "ओळखीवाल्यांकडे आधी येते. आपण पडलो टोकाचे!"

आजोबांचं अर्धं वाक्य बरोबर होतं. आम्ही खरंच टोकाचे होतो. उरलेलं अर्धं चुकीचं होतं, हे मला कळायला तिसऱ्या वर्षाचा पॉवर सिस्टीमचा पेपर यावा लागला.

वीज आपल्यापर्यंत येते कशी?

पूर्वी महाराष्ट्रात वीज मंडळ हे एकच घर होतं. जून २००५ मध्ये त्याचे भाग झाले. वीज तयार करते ती महानिर्मिती, उंच टॉवरवरून लांबवर नेते ती महापारेषण, आणि राज्याच्या बहुतेक भागात घरोघरी पोहोचवते ती महावितरण.

विजेचा प्रवास झाडासारखा असतो. ४००, २२० किंवा १३२ के.व्ही.च्या टॉवर लाईन म्हणजे खोड. तिथून ३३ के.व्ही.ची लाईन तालुक्याच्या सबस्टेशनला येते. सबस्टेशनमध्ये ३३ चे ११ के.व्ही. होतात आणि चार-पाच दिशांना ११ के.व्ही.चे फीडर निघतात. या मोठ्या फांद्या. फीडरवर जागोजागी ट्रान्सफॉर्मर, ज्याला गावात सगळे 'डीपी' म्हणतात. डीपीतून लघुदाबाची लाईन निघते, आणि खांबावरून आपल्या घरात येते ती सर्व्हिस वायर. घरात २३० व्होल्ट.

आता गंमत अशी, की पानाला पाणी द्यायचं तर आधी खोड जिवंत हवं. आमच्या अंगणातला खांब पहिल्याच दिवशी उभा केला असता, तरी ३३ के.व्ही.ची लाईन पडलेली असताना त्या खांबाचा उपयोग कपडे वाळत घालायलाच झाला असता! म्हणून दुरुस्ती नेहमी वरून खाली येते. आधी टॉवर लाईन, मग ३३ के.व्ही., मग सबस्टेशन, मग फीडर, मग डीपी, मग लघुदाबाची लाईन, आणि सगळ्यात शेवटी एकेका घराची सर्व्हिस वायर.

टॉवरच पडला तर नवा बांधायला बरेच दिवस लागतात. त्यासाठी सुटे भाग जोडून, ताणाच्या दोरांवर उभे करायचे तात्पुरते हलके टॉवर असतात. लाईन आधी त्यांच्यावर चढवून चालू करतात आणि पक्का टॉवर मागाहून बांधतात.

लाईट 'घालवतात' की जाते?

वादळ येणार हे कळलं, की कधी कधी सुरक्षेसाठी मुद्दाम वीज बंद करतात. पण बहुतेक वेळा ती आपोआप जाते. तारेवर फांदी पडली की करंट एकदम वाढतो, सबस्टेशनमधला रिले ते ओळखतो आणि ब्रेकरला सांगतो, "उघड!" हे सगळं सेकंदापेक्षाही कमी वेळात होतं. ओव्हरहेड लाईनवरचे बरेचसे फॉल्ट क्षणिक असतात. फांदी लागली आणि निघून गेली. थोड्या सेकंदांनी ब्रेकर परत लावला की लाईन टिकते. आपल्याकडे पावसात लाईट 'जाऊन-येऊन' करते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

तारच तुटली असेल तर मात्र परत परत ब्रेकर मारण्यात अर्थ नाही. दर वेळी ट्रान्सफॉर्मरला आणि ब्रेकरला फॉल्टच्या करंटचा दणका बसतो. चक्रीवादळानंतर तर तारा रस्त्यावर, पाण्यात, गोठ्यावर पडलेल्या असतात. म्हणून आधी माणसं पाठवून लाईन चालत बघतात. याला पेट्रोलिंग म्हणतात. आमच्याकडे रस्ते झाडांनी बंद होते, मोबाईलचे टॉवर बंद होते, त्यात कोरोना. पहिले काही दिवस तर नुसतं काय काय पडलंय हे शोधण्यातच गेले.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती जिवाची आहे. तार जमिनीवर पडली म्हणजे ब्रेकर उघडणारच, असं समजू नका. कोरडी वाळू, जांभा दगड, डांबर यांतून करंट इतका कमी वाहतो, की रिलेला तो नेहमीच्या लोडसारखा वाटू शकतो. तार गुपचूप पडलेली असते आणि जिवंत असते! तिच्या जवळ जायचं नाही, काठीनेही ढकलायची नाही. लांब राहून वीज कंपनीला कळवायचं.

फॉल्ट शोधणे म्हणजे बायनरी सर्च

कॉम्प्युटरवाल्यांनो, हा भाग तुमच्यासाठी. पडलेला खांब दिसतो, पण बारीक तडा गेलेला इन्सुलेटर खालून दिसत नाही. फीडर वीस किलोमीटर लांब असेल, तर प्रत्येक खांबावर चढणार का?

फीडरवर मधे मधे एबी स्विच बसवलेले असतात. खांबावर वर पाती आणि खाली हँडल, तेच ते. मधला स्विच उघडायचा आणि सबस्टेशनकडून अर्धी लाईन चार्ज करायची. टिकली, तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. ट्रिप झाली, तर अलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे परत दोन भाग. सोळा तुकड्यांत एक फॉल्ट असेल, तर चार प्रयत्नांत सापडतो. प्रत्यक्षात एवढे स्विच नसतात, तीन-चार मिळाले तरी पुष्कळ. आणि प्रत्येक प्रयत्न लाईनवर दणका देतो, म्हणून चार्ज करण्याआधी शक्य तिथे मेगर लावून इन्सुलेशन तपासतात.

यातला फायदा लक्षात आला का? फॉल्ट सापडायच्या आधीच अर्ध्या लोकांची लाईट सुरू होते. पलीकडच्या गावात दिवे दिसतात आणि आपल्याकडे अंधार असतो, त्याचं एक कारण हे.

आधी कोण?

वरून खाली यायचं हे ठरलं. पण दहा फीडर पडलेत आणि टोळ्या तीनच आहेत, तर आधी कुठला फीडर? पहिला मान दवाखाने, पाणीपुरवठा आणि मोबाईल टॉवर यांचा. त्यानंतर साधं गणित. समजा, 'अ' कामाला चार तास लागतात आणि त्याने १२०० घरं उजळतात. 'ब' कामालाही चार तास लागतात आणि त्याने ३ घरं उजळतात. आधी 'अ' केलं तर तीन घरं चार तास जास्त थांबतात. आधी 'ब' केलं तर बाराशे घरं चार तास जास्त थांबतात. वीज कंपन्यांची कामगिरी मोजायला 'सायडी' नावाचा निर्देशांक वापरतात. वर्षभरात एका ग्राहकाने सरासरी किती मिनिटं अंधारात काढली, ती ही संख्या. ती कमी ठेवायची तर 'अ' च आधी.

आमची वाडी 'ब' होती. फीडरच्या टोकाला, शेवटच्या डीपीच्याही पुढे. बाजारपेठ नवव्या दिवशी, आम्ही एकविसाव्या, यात ओळखीचा प्रश्नच नव्हता. आजोबांना हे सांगायला मी गेल्या दिवाळीत कागदावर झाडाचं चित्र काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी बारा दिवस शिव्या दिल्या नसत्या."

मला वाटतं, हे आजोबांचं बरोबर आहे. गणित बरोबर असलं, तरी ज्याचा नंबर शेवटी आहे त्याला ते कुणीतरी सांगायला हवं. सरासरीमध्ये शेवटचं घर दिसत नाही, पण त्या घरात माणसं असतात.

तारेवरचा हात

आता त्या वायरकडे येते.

कामाला सुरुवात करण्याआधी लाईनमन सबस्टेशनकडून 'लाईन क्लिअर' घेतो. म्हणजे ही लाईन बंद केली आहे आणि तुम्ही परत कळवेपर्यंत ती कुणीही लावणार नाही, असं परमिट. स्विच उघडतात, त्याला कुलूप, 'माणसे काम करत आहेत' अशी पाटी. मग टेस्टरने लाईन मेली आहे का ते बघायचं. मग डिस्चार्ज रॉडने किंवा साखळीने सगळ्या तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडायच्या. त्यानंतरच तारेला हात लावायचा. तारा जमिनीला जोडलेल्या असल्या, की चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जाते.

पण "कुठून येणार? सबस्टेशन तर बंद आहे!"

विसाव्या दिवशी आमच्या काकाने शेजारच्या गावातून दोन तासांसाठी जनरेटर आणला. विहिरीवरचा पंप चालवून टाकी भरायची होती. वीस दिवस आजी आणि आई कळशीने पाणी ओढत होत्या. काकाने अगदी माझ्या मैत्रिणीसारखीच वायर केली, दोन्ही टोकांना टॉप. एक टोक जनरेटरला, दुसरं स्वयंपाकघरातल्या सॉकेटला. पंप चालू झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. घाईत मेन स्विच पाडायचा राहून गेला.

बाहेर रस्त्याच्या वळणावर बाहेरच्या जिल्ह्यातून आलेली टोळी काम करत होती. नवीन खांब उभा झाला होता, आमच्या घरासमोरच्या तारा त्याला बांधायच्या होत्या. त्या तारांचा तुकडा दोन्हीकडून तुटलेला. त्यावर फक्त आमचं घर आणि शेजारचं बंद घर. त्यामुळे जनरेटरवर जादा लोड आला नाही आणि तो खुशाल चालत राहिला. वीज आमच्या सॉकेटमधून मेन स्विचकडे, तिथून मीटरमधून उलटी सर्व्हिस वायरवर आणि तिथून तारेवर गेली होती. आमच्या टाळ्या चालू होत्या तेव्हा बाहेर लाईनमन शिडीवर चढत होता.

त्याने टेस्टर लावला की नाही, ते मला दिसलं नाही. साखळी टाकलेली दिसली. मोठी ठिणगी उडाली, आवाज झाला आणि आमच्या पडवीतला जनरेटर घर्रर्र करून बंद पडला.

दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग तो लाईनमन दारात आला. माझ्या आतेभावाएवढा असेल, पंचविशीतला. आजीकडे पाणी मागितलं, तांब्याभर प्यायला आणि काकाला म्हणाला, "दादा, जनरेटर चालवा, पण मेन पाडून चालवा. साखळी टाकली म्हणून बरं." एवढंच. आणि परत शिडीवर गेला. दुसऱ्या दिवशी आमची लाईट आली. काकाने कोयत्याने त्या वायरचं एक टोक तोडून टाकलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

आता यातलं गणित बघा. लघुदाबाच्या तारेवर २३० व्होल्ट म्हणजे मरायला पुरेसे. पण गोष्ट तिथेच थांबत नाही. ट्रान्सफॉर्मरला सरळ-उलटं कळत नाही. आपल्या डीपीतला ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार असतो. वर ११००० व्होल्ट, खाली ४३३, म्हणजे एका फेजला २५०. वाइंडिंगचं गुणोत्तर ४४. खालून २३० दिले, तर वर २३० गुणिले ४४, म्हणजे १०,१२० व्होल्ट! छोट्या जनरेटरवर बाकीच्या घरांचा लोड आला तर तो गुदमरून बंद पडेल हे खरं. पण आमच्यासारखा तुटका तुकडा असला, किंवा बाकीच्यांनी मेन पाडलेले असले, तर काय होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. दोन किलोमीटर लांब, बंद आहे म्हणून सांगितलेल्या ११ के.व्ही.च्या तारेवर कुणीतरी बसलेला असू शकतो.

आणि दोन्ही टोकांना टॉप असलेल्या वायरचा दुसरा धोका तर डोळ्यांसमोर असतो. एक टोक लावलं, की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना जिवंत. अंधारात, ओल्या कॉरिडॉरमध्ये, कुणाच्या तरी हातात!

जनरेटर किंवा इन्व्हर्टर लावायची बरोबर पद्धत म्हणजे चेंजओव्हर स्विच. तो एका वेळी एकच बाजू जोडतो, बाहेरची वीज किंवा आपली. दोन्ही एकत्र कधीच नाही.

लाईट आली आणि परत गेली!

शेवटचा धडा. बऱ्याच वेळाने लाईट येते, सगळे ओरडतात आणि दहा सेकंदांत परत जाते. का? एरवी शंभर खोल्यांचे शंभर गीझर कधी एकदम चालू नसतात. कुणी सहाला आंघोळ करतं, कुणी करतच नाही! त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवरचा लोड विभागला जातो. पण लाईट जाते तेव्हा सगळ्यांची बटणं चालूच राहतात. सगळे फ्रीज गरम झालेले, सगळ्या बॅटऱ्या रिकाम्या, सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊ पाहतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते. याला कोल्ड लोड पिकअप म्हणतात. परिणाम एकच: फ्यूज उडतो आणि लाईनमन परत भिजत येतो. म्हणून लाईट गेली की गीझर, इस्त्री, पंखे बंद करा. एक दिवा तेवढा चालू ठेवा, लाईट आल्याचं कळायला.

तर, जुलैच्या त्या रात्री नेमकं काय झालं होतं? दुसऱ्या दिवशी मी आपल्या कॉलेजच्या इलेक्ट्रिशियन काकांना विचारलं. स्टाफ क्वार्टर्स वेगळ्या डीपीवर आहेत. आपल्या डीपीच्या लाईनवर गुलमोहराची फांदी पडली होती. सरांची ओळख नव्हती, फक्त त्यांच्या बाजूला गुलमोहर नव्हता! रात्री साडेअकराला, म्हणजे त्या वायरवरून आमची भांडणं संपली त्याच सुमाराला, दोन लाईनमन पावसात बॅटरीच्या उजेडात आपल्या कंपाउंडच्या मागे ती फांदी तोडत होते.

मैत्रिणीची वायर मी तिला परत केली आहे. पक्कडीने एका टोकाचा टॉप काढला आणि तिथे सॉकेटचा बोर्ड बसवला. आता ती साधी एक्स्टेन्शन झाली आहे. परवा रात्री परत लाईट गेली, तेव्हा त्यावर आम्ही चौघींनी एकच टेबल लॅम्प लावला आणि व्हायव्हाचा अभ्यास केला. मधेच कुणीतरी विचारलं, "लाईट कधी येणार?"

मैत्रीण म्हणाली, "लाईनमन खाली उतरला की."